आपलं कोण, हे कोण शिकवतं?

टेबलाच्या दोन बाजूंना दोन मुलं समोरासमोर बसलेली. मध्ये एक साधंसं यंत्र, त्यावर दोन ताटल्या, ताटल्यांत रंगीत गोळ्या. यंत्राला दोन मुठी आहेत आणि दोन्ही एकाच मुलाच्या हाताशी आहेत. हिरवी मूठ ओढली की ताटल्या कलतात आणि ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या पुढ्यात येतात. लाल ओढली की सगळ्या गोळ्या मधल्या भांड्यात जातात, कुणालाच काही मिळत नाही. आता समोरच्याच्या ताटलीत चार गोळ्या ठेवल्या आणि मूठ ओढणाऱ्याच्या ताटलीत एक. हिरवी ओढली तर निदान एक तरी पदरात पडेल. तरीही कितीतरी मुलं लाल ओढतात. मग मांडणी उलटी केली. मूठ ओढणाऱ्याला चार, समोरच्याला एक. आता मूल काय करतं?

पीटर ब्लेक, कॅथरिन मॅकऑलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि भारत अशा सात देशांत मांडला. ४ ते १५ वर्षांच्या मुलांच्या ८६६ जोड्या त्यात बसल्या आणि निष्कर्ष २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात आले. स्वतःला कमी मिळतंय म्हणून डाव उधळून लावणारी मुलं सातही देशांत होती; कुठे ती प्रवृत्ती लहान वयात दिसली, कुठे उशिरा. पण स्वतःला जास्त मिळतंय म्हणून डाव उधळणारी मुलं फक्त तीन देशांत दिसली, तीही वयानं मोठी. ते देश म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युगांडा. भारत त्या यादीत नाही.

यावरून आपली मुलं अप्पलपोटी ठरवण्याची घाई कुणी करू नये. लाल मूठ ओढणं म्हणजे खाऊ वाया घालवणं, आणि पानात टाकलेल्या घासावरून बोलणी खाल्लेल्या मुलाला तेच मोठं पाप वाटत असेल. हा माझा तर्क आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पण हे पुस्तक ज्या प्रश्नाभोवती फिरतं तो प्रश्न या दोन मुठींत जसा हाताला लागतो तसा जाडजूड ग्रंथांतही मला क्वचितच लागला. आपल्यावर अन्याय झाला की टोचतं, ते जवळपास सगळीकडे आणि न शिकवता. आपल्या हातून दुसऱ्यावर अन्याय होतोय हेही टोचायला मात्र काहीतरी व्हावं लागतं. ते काय, कुठे आणि कुणाकडून होतं?

वाद जुना आहे. चीनमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मेंगझी म्हणत होता की विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं तर कुणाच्याही काळजात चर्र होतं, आणि चांगुलपणाचा अंकुर तोच. त्याच्यानंतरचा शुन्झी म्हणत होता की माणूस मुळात स्वार्थी, त्याला वळण लावावं लागतं. युरोपात हॉब्ज, लॉक आणि रूसो यांनी हीच भांडणं आपापल्या परीनं पुन्हा मांडली. खरा पालट झाला तो १८७१ साली, डार्विनच्या 'डिसेंट ऑफ मॅन'मुळे. कळपानं राहण्याची ओढ असलेल्या प्राण्याची बुद्धी पुरेशी वाढली तर त्याच्यात सदसद्विवेक येणारच, असं त्याचं म्हणणं. पण तो विवेक आपल्यासारखाच असेल असं मात्र नाही, हेही त्यानं लगेच पुढे लिहिलं. माणसं मधमाश्यांसारखी वाढली असती, तर अविवाहित बहिणींना आपल्या भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं! हे दुसरं वाक्य लोक विसरतात. नीतीची मुळं निसर्गात आहेत एवढं ऐकून ज्यांना हायसं वाटतं, त्यांनी ते आवर्जून आठवावं.

या वादात गेल्या काही दशकांत तान्ही बाळं साक्षीला आली. २००७ साली येल विद्यापीठातल्या काइली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांनी सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना लाकडी ठोकळ्यांचं नाटक दाखवलं. डोळे लावलेला एक ठोकळा टेकडी चढायला धडपडतोय, दुसरा त्याला खालून ढकलून मदत करतो, तिसरा वरून लोटून देतो. नंतर मदत करणारा आणि लोटणारा असे दोन्ही बाळापुढे धरले. दहा महिन्यांच्या १६ बाळांपैकी १४ जणांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. सहा महिन्यांच्या बाळांत तर बाराच्या बारा जणांनी. बातमी जगभर गेली. माणूस जन्मतःच सज्जन, असा मथळा कुणाला नको असतो?

पण विज्ञानात एका प्रयोगावर भागत नाही. २०२४ साली ३७ प्रयोगशाळांनी मिळून हाच प्रयोग नव्यानं केल्याचं प्रसिद्ध झालं. हजाराहून जास्त बाळं आणली गेली, त्यांतल्या ५६७ बाळांची निवड हिशेबात धरली गेली, आणि मदत करणाऱ्याला पसंती देणारी निघाली जेमतेम निम्मी. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. यावरून बाळांना काहीच कळत नाही असंही सिद्ध होत नाही. नव्या प्रयोगातलं पडद्यावरचं नाटक आणि जुन्यातले प्रत्यक्ष ठोकळे यांत फरक आहेच, आणि त्यावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे. पण सहा महिन्यांच्या बाळाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवणं थांबवायला हवं. पालकांच्या मासिकांत तो जुना प्रयोग अजून सिद्ध सत्य म्हणून छापला जातो, म्हणून हे इतक्या तपशिलात सांगितलं.

माझा जास्त भरवसा आहे तो थोड्या मोठ्या मुलांवरच्या एका अभ्यासावर. जर्मनीत लायप्झिग इथल्या माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वॉर्नकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात पोचत नाही. किंवा दोन्ही हातांत पुस्तकांचा गठ्ठा घेऊन तो बंद कपाटावर धडकतो. दीड वर्षाची २४ मुलं. त्यांतली २२ निदान एकदा तरी उठून मदतीला गेली. कुणी सांगितलं नव्हतं, शाबासकीही नव्हती. काही चिंपांझींनीही, वस्तू उचलून देण्यापुरती का होईना, मदत केली. याच दोघांनी २००८ साली आणखी एक गोष्ट पाहिली. वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळू लागलं, तेव्हा पुढे बक्षीस थांबल्यावर ती मुलं बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. आजीला पाण्याचा तांब्या नेऊन दे, मग चॉकलेट देते, असं म्हणण्याआधी थोडं थांबावं, इतपत हा निष्कर्ष आपल्या घरांच्या जवळचा आहे.

तेव्हा काहीतरी घेऊन मूल येतं, याबद्दल मला शंका नाही. ते नसेल तर काय होतं याचा एक दुःखद पुरावाही आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली दोन तरुण माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकीला पंधराव्या महिन्यात वाहनाची धडक बसली होती, दुसऱ्याच्या मेंदूतली गाठ तिसऱ्या महिन्यात काढली होती. दोघांच्याही कपाळामागच्या मेंदूला इजा झालेली. दोघांची बुद्धी ठीक, घरं चांगली, आईवडील मायाळू, भावंडं सरळमार्गी. पण ही दोघं खोटं बोलत, चोऱ्या करत, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. प्रौढपणी अशी इजा झालेल्या माणसांचं वागणंही बिघडतं, पण चूक कोणती आणि बरोबर कोणतं हे त्यांना निदान तोंडी सांगता येतं. या दोघांना तेही धड जमत नव्हतं, कारण शिकण्याआधीच शिकण्याचं साधन गेलं होतं. घर कितीही चांगलं असलं तरी शिकवण रुजायला आत काहीतरी असावं लागतं.

मात्र जे आत असतं ते सगळं गोमटं नाही. दहा महिन्यांचं बाळ आपल्या घरची भाषा बोलणाऱ्याच्या हातून खेळणं अधिक पसंतीनं घेतं, परकी भाषा बोलणाऱ्याच्या हातून कमी. हेही २००७ सालचंच संशोधन. नवजात बाळ कुठल्याही वंशाच्या चेहऱ्याकडे सारख्याच कुतूहलानं बघतं, तीन महिन्यांचं बाळ भोवती दिसणाऱ्या वंशाचे चेहरे जास्त बघू लागतं. म्हणजे आपल्या माणसांकडे झुकण्याची वृत्ती फार लवकर येते. आपली माणसं कोणती, ते मात्र पाळण्याभोवती कोण वावरतं यावर ठरतं. या पुस्तकाचा कणा मला इथे दिसतो. दुसऱ्याच्या अडचणीकडे ओढ उपजत आहे, स्वतःच्या वाट्याचा हिशेबही जवळपास उपजत आहे. पण ती ओढ कुठवर पोचावी आणि कुठे थांबावी याचं कुंपण माणसं घालतात.

हे शिक्षण कसं होतं, यावर मानसशास्त्रात शतकभर काम झालं. ज्याँ पियाजे स्वित्झर्लंडमध्ये मुलांबरोबर गोट्या खेळला आणि नियम कुणी केले असं त्यांना विचारत राहिला. १९३२ सालच्या त्याच्या पुस्तकात दिसतं की लहानग्यांना नियम वाडवडिलांकडून आलेले, न बदलणारे वाटतात. दहा-अकराच्या आसपासची मुलं नियम आपसांत ठरवता येतात असं म्हणू लागतात. त्याच्या मते न्याय मुलं मोठ्यांच्या धाकानं कमी आणि बरोबरीच्या सवंगड्यांशी भांडून जास्त शिकतात. त्यानं आपल्या गल्ल्या पाहिल्या असत्या तर त्याला 'कच्चं लिंबू' भेटलं असतं. कुणाचं तरी धाकटं भावंड हट्टानं खेळायला आलेलं असतं. त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. हा नियम कुठल्या शिक्षकानं सांगितला? दुबळ्याला बाहेर ठेवायचं नाही आणि त्याच्यामुळे डावही बिघडू द्यायचा नाही, इतकी नाजूक तडजोड आठ वर्षांची मुलं स्वतः करतात आणि पुढच्या मुलांच्या हाती देतात. रडीचा डाव खेळणाऱ्याला ती कशी ताळ्यावर आणतात, तेही पाहण्यासारखं असतं. ज्या वसाहतींतून असं खेळणं संपलं, तिथे ही शाळाही बंद झाली, आणि त्याची भरपाई परिपाठातल्या सुविचारानं होईल असं मला वाटत नाही.

पियाजेच्या वाटेनं पुढे गेलेल्या लॉरेन्स कोलबर्गनं नैतिक वाढीच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्याच्या मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते, आणि कॅरल गिलिगननं १९८२ साली त्यावर बोट ठेवलं. इथे त्या पायऱ्यांत मी फार रमणार नाही. भारतात झालेले दोन अभ्यास मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

पहिला भुवनेश्वरचा. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी तिथल्या जुन्या गावातल्या आणि शिकागोतल्या मुलांपुढे व मोठ्यांपुढे ३९ प्रसंग ठेवले. १९८७ साली ते काम प्रसिद्ध झालं. त्यांतलं सगळ्यांत घोर पाप कोणतं? भुवनेश्वरच्या ब्राह्मण घरांनी सांगितलं की बाप वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापून कोंबडी खाणं. शिकागोकरांना त्यात काहीच वावगं दिसेना. उलट, न विचारता सिनेमाला गेलेल्या बायकोला नवऱ्यानं बडवून काढलं, याचा शिकागोत धक्का बसला आणि भुवनेश्वरात तो नवऱ्याचा अधिकार ठरला. नीती सगळी शिकवलेलीच, याला याहून सज्जड पुरावा कोणता? पण इलियट ट्युरिएल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला तो चटकन पटेल. मुलगा कोंबडी खातो तेव्हा बापाच्या आत्म्याला गती मिळत नाही, असा तिथला समज आहे. तो खरा धरला तर मुलगा एका असहाय जिवाला इजा करतोय. इजा करू नये हे तत्त्व दोन्ही गावांत एकच. इजा कुणाला आणि कशानं होते याच्या समजुती वेगळ्या. तीन-चार वर्षांच्या मुलांबाबत अशाच अभ्यासांत दिसलं आहे की बाईंनी परवानगी दिली तर अमुक कपडे घालणं चालेल, पण मारणं मात्र बाईंनी सांगितलं तरी वाईटच, असं ती म्हणतात.

मारणाऱ्या नवऱ्याचा प्रसंग मात्र या स्पष्टीकरणानं सुटत नाही, आणि तो मला अस्वस्थ करतो. तिथे इजा दिसते आहे, तरी मोजली जात नाही.

दुसरा अभ्यास म्हैसूरचा. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी १९९२ साली म्हैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन इथल्या लोकांना विचारलं : जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या तुमच्याजवळ आहेत, पाकीट चोरीला गेलंय, शेजारच्या माणसाच्या कोटातून रेल्वेचं तिकीट डोकावतंय. घ्यावं का? न्यू हेवनच्या बहुतेकांनी चोरी ती चोरी असं उत्तर दिलं. म्हैसूरच्या बहुतेकांनी मित्राला दिलेला शब्द मोठा मानला. दोघांनाही चोरी वाईट हे ठाऊक होतं आणि मित्राला फसवू नये हेही. फरक पडला तो कशाला वरचढ ठरवायचं यात. आपल्याकडे माणूस सरकारी टेबलामागे बसूनही भाच्याचं काम आधी करतो, त्याला आपण नुसता भ्रष्टाचार म्हणून मोकळे होतो. त्याच्या मनात ते कर्तव्य म्हणून उभं असतं, हे समजून घेतल्याशिवाय त्याला बदलता येणार नाही.

आता कुंपणाकडे येतो. सातारच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसत असे. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी आणायचं. तहान लागली तर इतर मुलं नळाशी जाऊन पाणी पीत. याला मात्र शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. बाबासाहेबांनी पुढे हे सगळं इंग्रजी आठवणींत स्वतः लिहून ठेवलं आहे. आपण हा प्रसंग नेहमी त्या मुलाच्या बाजूनं वाचतो, आणि ते योग्यच आहे. या पुस्तकाच्या निमित्तानं तो वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या बाजूनंही वाचावा अशी माझी विनंती आहे. दीड वर्षाची असताना तीही पडलेली वस्तू उचलून द्यायला धावली असतील. आता तीच मुलं एका तहानलेल्या सवंगड्याकडे रोज बघत होती आणि त्यांना काही टोचत नव्हतं. त्यांच्यासमोर कुणी उभं राहून द्वेषाचं व्याख्यान दिलं नसेल. त्याची गरजच नव्हती. गोणपाट शिकवत होतं, नळ शिकवत होता, शिपायाची गैरहजेरी शिकवत होती.

मुलं व्यवस्थेतून शिकतात, आणि उपदेशाच्या कितीतरी आधी शिकतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला समतेचा धडा वाचून मूल घरी येतं आणि कामाला येणाऱ्या मावशींचा कप ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला पाहतं. सोसायटीत त्यांची लिफ्ट वेगळी असते. दोन्हींपैकी काय मनात उतरेल, याबद्दल मला भ्रम नाही.

तरीही, सगळंच शिकवलेलं असतं तर या शिकवणीविरुद्ध उभं राहणारा माणूस आला कुठून? पुण्यात जोतीराव फुले ज्या समाजात वाढले त्यानं त्यांना शिवाशीव शिकवलीच होती. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी वाचन केलं होतं, मिशनऱ्यांच्या शाळेत ते शिकले होते, जातीवरून झालेला अपमान त्यांनी स्वतः सोसला होता. ही सगळी कारणं खरी आहेत. पण दुसऱ्याची तहान आपल्याला कळते, ही जुनी ओढ आत जिवंत नसती तर ती कारणं कुठे लागू पडली असती? वाचन आणि अपमान पुष्कळांच्या वाट्याला आले. हौद एकानं उघडला. उपजत भावना नीती देत नाही, पण शिकवलेल्या नीतीवर शंका घ्यायला जागा देते, असं मी मानतो. नाझी युरोपात जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवणाऱ्या माणसांचा अभ्यास सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. अशा माणसांच्या आईवडिलांनी त्यांना मारण्यापेक्षा समजावून सांगण्यावर, तुझ्या वागण्यानं दुसऱ्याला काय झालं हे दाखवण्यावर भर दिला होता, असं त्यात आढळलं. ओढ होती, आणि तिला दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय घरानं लावली होती.

पुढच्या प्रकरणांत तत्त्वज्ञान आहे, मेंदूशास्त्र आहे, माकडांवरचे प्रयोग आहेत. वाचकानं ती हव्या त्या क्रमानं वाचावीत. शेवटचं प्रकरण मात्र चुकवू नये, कारण ते आपल्या दाराशी चाललेल्या गोष्टीबद्दल आहे. दिल्लीतल्या श्रीमंत खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश देणं भाग पडलं. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या सधन मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब मुलांबरोबर वर्गात बसलेली सधन मुलं जास्त उदार झाली होती, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. इंग्रजीचे गुण किंचित घसरले, वर्गात शिवीगाळ थोडी वाढली. हेही त्यानं लपवलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा या अर्थानं गरीब मुलांइतक्याच सधन मुलांच्याही आहेत. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट देणारा नियम महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला आणि मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला. त्या काळात जागा, शुल्कपरतावा आणि प्रवेशाच्या तारखा यांवर भरपूर बोललं गेलं. त्या वर्गांत शेजारी शेजारी बसून मुलं एकमेकांबद्दल काय शिकली असती, यावर बोलणारे फार थोडे होते. तो विषय या पुस्तकानं हाती घेतला आहे, आणि म्हणून ही प्रस्तावना मी आनंदानं लिहिली.